गुण आला, पण कशाने?

वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर एक वाक्य वरचेवर छापून येते : अमुक खेळाडूच्या खांद्यावर यशस्वी शस्त्रक्रिया झाली. आपण ते वाचतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. परंतु ‘यशस्वी’ या शब्दाचा तेथे नेमका अर्थ काय? शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, इतकाच? फाटलेला भाग शिवला गेला, हा? दुखणे थांबले, हा? की खेळाडू पूर्वीच्याच जोमाने पुन्हा खेळू लागला, हा? हे चार अर्थ एकमेकांपासून बरेच दूर आहेत आणि पहिला खरा ठरला म्हणून चौथा खरा ठरतोच असे नाही. बातमी मात्र बहुधा दुसऱ्याच दिवशी छापलेली असते. तिला फार तर पहिले दोन अर्थ ठाऊक असू शकतात.

बातमीदाराला दोष देऊन आपली सुटका होत नाही. हाच गोंधळ शस्त्रक्रियेवरील संशोधनातही कित्येक दशके होता आणि काही प्रमाणात अजूनही आहे. या लेखात खांद्याच्या शस्त्रक्रियांवरील काही महत्त्वाच्या शोधनिबंधांची आम्ही चिकित्सा करणार आहोत. आम्ही शस्त्रवैद्य नाही. प्रयोगशाळेत काम करणारे संशोधक आहोत. त्यामुळे शस्त्र कसे चालवावे याबद्दल आम्हांला काही सांगायचे नाही. ‘उपचाराने गुण आला’ हे विधान कोणत्या पुराव्यावर करावे, एवढाच आमचा प्रश्न आहे. तो शिक्षकांच्याही कामाचा आहे, कारण शाळेच्या मैदानावर खांदा धरून उभ्या राहिलेल्या मुलाला पहिला सल्ला बहुधा शिक्षकच देतात.

उथळ खोबणीतला सांधा

पाठ्यपुस्तकात खांद्याचे वर्णन ‘उखळीचा सांधा’ असे असते. खुब्याचा सांधा खरोखर उखळीसारखा खोल आहे. खांद्याचे तसे नाही. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा खवाट्याच्या हाडाच्या ज्या खोबणीत टेकतो ती बशीसारखी उथळ आहे; एका वेळी त्या गोळ्याचा चौथा ते तिसरा हिस्साच तिच्यात टेकलेला असतो. या उथळपणामुळेच हात जवळपास सर्व दिशांना फिरतो, आणि त्यामुळेच शरीरातील मोठ्या सांध्यांपैकी खांदा सर्वांत जास्त वेळा निखळतो.

मग गोळा जागेवर राहतो कसा? खोबणीभोवती चिवट कूर्चेची एक कड असते. ती बशीला किंचित खोली देते. सांध्याभोवती अस्थिबंधांची पिशवी असते. आणि चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, गोळ्याला मिठी मारून त्याला खोबणीकडे ओढून धरतात. या चौकडीला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. तिच्या वर खवाट्याच्या हाडाचे एक टोक छपरासारखे पुढे आलेले असते.

बेसबॉलचा गोलंदाज चेंडू फेकतो तेव्हा त्याचा दंड स्वतःच्या अक्षाभोवती दर सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतक्या वेगाने आत वळतो. तो वेग निर्माण करणारे आणि चेंडू सुटताच तो थोपवणारे स्नायू याच सांध्याभोवती आहेत. क्रिकेट, भालाफेक, हँडबॉल, पोहणे, बॅडमिंटन अशा डोक्यावरून हात फिरवण्याच्या खेळांत खांदा का दुखतो हे यावरून सहज ध्यानात येईल.

एक पटणारी कल्पना

१९७२ साली न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य चार्ल्स नीर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी खवाट्याची शंभर हाडे तपासली होती आणि काहींच्या छपराखाली, पुढच्या बाजूस, त्यांना हाडाची वाढ व घासल्याच्या खुणा दिसल्या होत्या. त्यांचा तर्क असा : हात वर उचलताना कंडरा या छपराखाली चेमटते, घासते, सुजते आणि कालांतराने फाटते. मग छपराचा पुढचा-खालचा भाग तासून काढला तर कंडरेला जागा मिळेल आणि दुखणे थांबेल. त्यांनी तशा शस्त्रक्रिया केल्या व बहुतेक रोग्यांना बरे वाटले.

ही कल्पना कोणालाही पटावी अशीच होती. दार चौकटीला घासत असेल तर सुतार रंधा मारतो, तसेच हे. १९८० च्या दशकात दुर्बिणीची शस्त्रक्रिया रुळली. मोठी चीर देण्याची गरज उरली नाही आणि तासकाम सोपे झाले. इंग्लंडमध्ये २००० च्या सुमारास वर्षाला अशा सुमारे अडीच हजार शस्त्रक्रिया होत होत्या; दहा वर्षांत तो आकडा २१ हजारांच्या वर गेला.

या सर्व काळात एक प्रश्न मागे राहिला. बरे वाटलेल्या रोग्यांना हाड तासल्यामुळे बरे वाटले, हे कोणी तपासले होते काय? निबंधांतून रोग्यांची संख्या वाढत होती, पण त्यांची तुलना कोणाशी? बहुतेक निबंधांत शस्त्रक्रियेपूर्वीची स्थिती आणि नंतरची स्थिती एवढीच तुलना होती. विज्ञानाच्या कोणत्याही तासाला आपण विद्यार्थ्याला विचारतो : तुझा नियंत्रण गट कोठे आहे? तो प्रश्न येथे विचारला गेला नाही, किंवा फार उशिरा विचारला गेला.

गुण येण्याची इतर कारणे

शस्त्रक्रियेनंतर बरे वाटण्याची, शस्त्रक्रियेच्या मुख्य कृतीशी संबंध नसलेली, निदान चार कारणे संभवतात. पहिले, पुष्कळ दुखणी काळानेच कमी होतात. दुसरे, शस्त्रक्रियेनंतर सक्तीची विश्रांती आणि पद्धतशीर व्यायाम मिळतो. तिसरे, मोठा उपचार झाला या विश्वासाचा वेदनेवर खरोखर परिणाम होतो. चौथे कारण संख्याशास्त्रीय आहे आणि ते सर्वांत कमी ओळखले जाते : दुखणे कमी-जास्त होत असते, आणि माणूस शस्त्रवैद्याकडे जातो तो ते शिगेला पोचल्यावर. शिगेनंतर उतार येणारच. याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात.

हे चौथे कारण वर्गात एका तासात दाखवता येते. साठ मुलांना प्रत्येकी दोन फासे टाकायला सांगावे. ज्यांची बेरीज चार किंवा त्याहून कमी येईल ती मुले ‘आजारी’. असे दान सहांत एकदा पडते, म्हणून साधारण दहा मुले निघतील आणि त्यांची सरासरी तीन-साडेतीनच्या आसपास असेल. आता या दहांच्या खांद्याला खडू लावावा, हाच ‘उपचार’, आणि पुन्हा फासे टाकायला सांगावे. दोन फाशांची अपेक्षित सरासरी सात असल्याने दहांपैकी आठ-नऊ जणांची प्रकृती सुधारलेली दिसेल. खडूला गुण आला! नंतर हाच खेळ पुन्हा खेळावा. मात्र या वेळी आजारी मुलांतून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांनाच खडू लावावा. दोन्ही गट सारखेच सुधारतात, असे प्रयोग दोन-चार वेळा केल्यावर मुलांच्या ध्यानी येईल. दुखणे फाशांइतके लहरी नसते, म्हणून प्रत्यक्षात हा परिणाम एवढा मोठा नसतो; पण असतो खास.

तेव्हा चिठ्ठी टाकून पाडलेला तौलनिक गट हवा. आणि विश्वासाचा परिणाम वेगळा काढायचा तर त्या गटालाही शस्त्रक्रिया झाल्यासारखे वाटले पाहिजे. यातून ‘लटक्या शस्त्रक्रिये’ची कल्पना पुढे आली.

लटकी शस्त्रक्रिया

ऐकताच अंगावर काटा यावा अशी ही कल्पना आहे, पण ती नवी नाही. १९५० च्या दशकात हृदयशूळावर उपाय म्हणून छातीतली एक रोहिणी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रचलित झाली होती. १९५९ मध्ये अमेरिकेतील लेनर्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी सतरा रोगी घेऊन काहींची रोहिणी बांधली, काहींना नुसती चीर दिली. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. ती शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली. २००२ मध्ये ह्यूस्टन येथे ब्रूस मोझली यांनी गुडघ्याच्या संधिवातावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची १८० रोग्यांवर अशीच परीक्षा घेतली. तेथेही खरी शस्त्रक्रिया लटकीपेक्षा सरस ठरली नाही.

खांद्याची पाळी त्यानंतर आली. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड बिअर्ड, अँड्र्यू कार आणि सहकाऱ्यांनी ३२ रुग्णालयांतून ३१३ रोगी घेतले. त्यांचा खांदा निदान तीन महिने दुखत होता, व्यायाम आणि इंजेक्शन करून झाले होते, आणि कंडरा फाटलेली नव्हती. चिठ्ठीने तीन गट झाले. पहिल्याचे हाड दुर्बिणीतून तासले. दुसऱ्याच्या सांध्यात दुर्बीण घालून नुसते पाहिले. तिसऱ्याला कोणताही उपचार दिला नाही. पहिल्या दोन गटांतील रोग्यांना आपल्यावर यांपैकी काय झाले हे सांगितले नव्हते. खांद्याची स्थिती ० ते ४८ गुणांच्या मापाने मोजली. ४८ म्हणजे उत्तम. सुरुवातीला तिन्ही गटांची सरासरी २५ ते २७ च्या दरम्यान होती. सहा महिन्यांनी हाड तासलेल्यांची ३२.७, नुसती दुर्बीण घातलेल्यांची ३४.२ आणि काहीच न केलेल्यांची २९.४ झाली. हा निबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१८ च्या जानेवारीत छापून आला.

आकडे नीट पाहावेत. हाड तासल्याने नुसत्या दुर्बिणीपेक्षा काहीही अधिक साधले नाही. त्या दोहोंतला फरक निव्वळ योगायोगाने पडावा एवढाच आहे. उपचार न घेतलेला गट थोडा मागे राहिला, परंतु रोग्याला जाणवेल असा फरक म्हणून संशोधकांनी धरलेल्या साडेचार गुणांपेक्षा ते अंतर कमी होते. आणि उपचार न घेताही चार गुण वाढलेच!

त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये फिनलंडच्या मिका पावोला आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. तेथे तीन रुग्णालयांतील ३५ ते ६५ वयाच्या रोग्यांचे तीन गट होते : हाड तासणे, नुसती दुर्बीण आणि देखरेखीखालचा व्यायाम. दोन वर्षांनंतर वेदना ० ते १०० च्या पट्टीवर मोजल्या. तासणे आणि नुसती दुर्बीण यांत अर्थपूर्ण फरक निघाला नाही. व्यायामाच्या तुलनेत तासणाऱ्यांच्या वेदना किंचित कमी होत्या, पण तो फरक विश्रांतीत साडेसात आणि हालचालीत बारा गुणांचा होता. संशोधकांनी आधीच जाहीर केलेली अर्थपूर्ण फरकाची मर्यादा पंधरा होती.

२०१९ मध्ये आठ चाचण्या आणि सुमारे एक हजार रोग्यांची माहिती एकत्र करणाऱ्या कोक्रेन समीक्षेचा निष्कर्षही याच दिशेचा निघाला, आणि एका आंतरराष्ट्रीय समितीने या दुखण्यावर ही शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस केली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१८ मध्येच, ठरावीक अटी पूर्ण झाल्याखेरीज करू नयेत अशा उपचारांच्या यादीत तिचा समावेश केला होता.

या प्रयोगांच्या मर्यादा

आवडत्या निष्कर्षाच्या निबंधालाही तीच चाळणी लावली पाहिजे. तशी लावली तर काही भोके दिसतात.

इंग्लंडच्या प्रयोगात पुष्कळ रोग्यांना चिठ्ठीने ठरलेला उपचार सहा महिन्यांत मिळालाच नाही; कोणी वाट पाहत राहिले, कोणी बेत बदलला. असे झाले की गटांतील सीमारेषा पुसट होते आणि असलेला फरकही कमी दिसू शकतो. संशोधकांनी ज्यांना ठरलेला उपचार मिळाला त्यांचीच माहिती वेगळी तपासली आणि निष्कर्ष बदलला नाही. तरीही ही उणीव राहतेच. दुसरे, तिसऱ्या गटाला आपल्याला काहीच मिळालेले नाही हे ठाऊक होते. त्यांच्या निराशेने त्यांचे गुण कमी झाले असतील. शिवाय पहिल्या दोन गटांना नंतर व्यायामोपचारही मिळाले. म्हणजे तिसऱ्या गटाशी केलेली तुलना, शस्त्रक्रियेच्या बाजूने असूनही, कच्चीच म्हणावी लागेल. तिसरे, ‘नुसती दुर्बीण’ म्हणजे अगदी काहीच नाही असेही नाही; सांध्यात क्षारजल खेळवले जाते. काही शस्त्रवैद्यांचा आक्षेप असा की धुण्यानेच आराम पडत असेल. असेल, पण मग हाड तासण्याचे समर्थन त्यातून कसे होते?

आणखी एक आक्षेप वरचेवर ऐकू येतो : सरासरीत फरक नसला तरी काही निवडक रोग्यांना नक्की फायदा होतो. हे अशक्य नाही. परंतु ते रोगी कोणते हे आधी सांगून, नवा प्रयोग करून दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. अनुभवी डोळ्याला ते ओळखता येतात असे म्हटल्याने भागत नाही. हाड तासावे असे अनुभवी डोळ्यांनाच वाटत होते.

सर्वांत मोठी मर्यादा आपल्या विषयाची आहे. हे रोगी मुख्यतः मध्यमवयीन सामान्य माणसे होती, खेळाडू नव्हते. वीस वर्षांच्या जलतरणपटूला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येईल काय? तेथे वेगळा पुरावा पाहावा लागेल.

खेळाडूचा खांदा

खेळाडूंबाबतचा एक इशारा फार पूर्वीच मिळाला होता. १९८५ मध्ये जेम्स टिबोन, फ्रँक जोब आणि सहकाऱ्यांनी हाड तासलेल्या ३५ खेळाडूंचा आढावा प्रसिद्ध केला. ३१ जणांना बरे वाटले होते. एवढेच वाचले तर शस्त्रक्रिया यशस्वी. पण पूर्वीच्या पातळीवर खेळू लागले फक्त १५, आणि चेंडू फेकणाऱ्या १८ पैकी फक्त ४! जोब यांचा तर्क पुढे असा झाला की तरुण फेकपटूच्या खांद्यात छप्पर खाली आलेले नसते. सांधा सैल झाल्याने गोळा वर सरकतो. म्हणजे दार घासते हे खरे, पण बिजागरी सैल झाली आहे म्हणून. अशा दाराला रंधा मारून काय होणार?

दुसरा प्रश्न प्रतिमांचा. चुंबकीय अनुस्पंदन यंत्राने, म्हणजे एमआरआयने, खांद्यातील बारीकसारीक बिघाडही दिसू लागले. दिसलेला बिघाड हेच दुखण्याचे कारण, असे आपण सहज धरून चालतो. २००३ मध्ये पॅट्रिक कॉनर आणि सहकाऱ्यांनी काहीही तक्रार नसलेल्या वीस उच्च दर्जाच्या खेळाडूंचे दोन्ही खांदे तपासले. ज्या हाताने ते खेळत त्या खांद्यात वीसपैकी आठ जणांच्या कंडरा अंशतः किंवा पूर्णतः फाटलेल्या दिसल्या. दुसऱ्या खांद्यात एकाचीही नाही. पाच वर्षांनी विचारणा केली तेव्हाही त्यांपैकी कोणाला त्रास सुरू झालेला नव्हता. नमुना लहान आहे, हे खरे. तरी त्यातून एवढे नक्की कळते की अशी फाट दुखण्यावाचूनही असू शकते. दुखणाऱ्या खांद्यात ती दिसली तर ती गुन्हेगार असेल किंवा केवळ तेथे हजर असेल.

खोबणीच्या कडेची कथाही अशीच. तिचा वरचा भाग फेकपटूंत फाटतो असे जेम्स अँड्र्यूज यांनी १९८५ मध्ये दाखवले आणि १९९० मध्ये स्टीफन स्नायडर यांनी त्याला ‘स्लॅप’ हे नाव व चार प्रकार दिले. त्यांच्या मूळ निबंधात सातशेहून अधिक खांद्यांत असे फक्त २७ रोगी होते. नाव मिळाले, शिवण्याची साधने आली आणि निदानही वाढले. २०१७ मध्ये नॉर्वेतील श्रोडर आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या प्रकारच्या फाटीचे ११८ रोगी घेऊन तीन गट केले : कड शिवणे, तिला चिकटलेल्या स्नायूची कंडरा सोडवून दंडाच्या हाडाला जोडणे, आणि लटकी शस्त्रक्रिया. दोन वर्षांनंतर तिन्ही गट सारखेच सुधारले होते. खऱ्या शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी काहींचे खांदे मात्र आखडले. या रोग्यांचे सरासरी वय चाळीस होते. म्हणून व्यावसायिक गोलंदाजाला हा निकाल लावताना सावध राहावे लागेल.

गोलंदाजांचे आकडे वेगळ्या निबंधात आहेत. फेडोरिव आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एकाच व्यावसायिक बेसबॉल संघटनेतील ६८ खेळाडूंचा आढावा दिला. शस्त्रक्रिया झालेल्या गोलंदाजांपैकी ४८ टक्के पुन्हा खेळले. पण पूर्वीची कामगिरी गाठली फक्त ७ टक्क्यांनी. केवळ व्यायामोपचार घेतलेल्या गोलंदाजांत हे आकडे ४० आणि २२ टक्के होते. गोलंदाज नसलेल्या खेळाडूंत मात्र शस्त्रक्रियेनंतर ८५ टक्के परतले आणि ५४ टक्क्यांनी पूर्वीची कामगिरी गाठली. येथे चिठ्ठी टाकलेली नाही. व्यायामाने न सुधारलेलेच शस्त्रक्रियेकडे गेले, म्हणून दोन गटांची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल. आम्ही हे आकडे दुसऱ्याच कारणासाठी देत आहोत. ‘परतला’ आणि ‘पूर्वीसारखा खेळला’ या दोन मापांत किती अंतर पडते ते पाहावे. जो निबंध केवळ पहिले माप देतो त्याचा निष्कर्ष आम्ही अर्धाच मानतो.

जेथे शिवणे टिकते

येथवर वाचून ‘खांद्याची शस्त्रक्रिया म्हणजे थोतांड’ असे कोणी समजेल तर ते साफ चूक ठरेल. तरुणाचा खांदा पहिल्यांदा पुढे निखळतो तेव्हा खोबणीची पुढची कड बहुधा उपटली जाते. लंडनचे शस्त्रवैद्य ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ मध्ये तिचे महत्त्व सांगितले होते. ही कड पुन्हा बसवावी काय? एडिंबरोचे रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ३५ वर्षांपर्यंतच्या ८८ रोग्यांचे चिठ्ठीने दोन गट केले. एकाची कड दुर्बिणीतून शिवली, दुसऱ्याचा सांधा दुर्बिणीतून फक्त धुतला. कोणाला काय झाले हे रोग्याला आणि नंतर तपासणाऱ्यालाही माहीत नव्हते. दोन वर्षांत शिवलेल्या गटात खांदा पुन्हा निखळण्याची जोखीम ७६ टक्क्यांनी कमी आढळली.

हा निकाल आणि हाड तासण्याचे निकाल एकाच कसोटीतून निघाले आहेत. कसोटी शस्त्रक्रियेच्या विरोधात नव्हती. एक शस्त्रक्रिया तिच्यावर उतरली, दुसरी उतरली नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निखळणे ही घटना मोजता येते. ती घडली किंवा नाही. वेदना मात्र सांगणाऱ्याच्या मनःस्थितीवरही अवलंबून असते. म्हणून जेथे वेदनाच मोजायची असते तेथे लटक्या गटाची गरज अधिक.

लटकी शस्त्रक्रिया नैतिक आहे काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्यांनी विचारलाच पाहिजे. चीर आणि भूल यांत धोका असतो आणि रोग्याला त्याचा मोबदला मिळेलच असे नाही. म्हणून अशा प्रयोगात सहभागी माणसाला आपण लटक्या गटात पडू शकतो हे आधी स्पष्ट सांगून संमती घेतात. पण ताजव्याच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. एकट्या इंग्लंडमध्ये वर्षाला वीस हजारांवर माणसांना भूल देऊन ज्यांचे हाड तासले गेले त्यांच्याकडून अशी संमती कोणी घेतली होती? न तपासलेला उपचार हाही एक प्रयोगच असतो. फक्त त्याची नोंदवही कोणी ठेवत नाही. या चाचण्यांत शस्त्रवैद्यांनी आपल्याच हातची कला कसोटीला लावली, याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

मोठ्या नावांचा पुरावा

आपल्याकडे अशा चर्चेत एक युक्तिवाद हमखास येतो. सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि २०१० मध्ये ग्वाल्हेरला त्यांनी एकदिवसीय सामन्यात नाबाद २०० धावा केल्या. नीरज चोप्रा यांच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि २०२१ मध्ये त्यांनी टोकियोत सुवर्णपदक मिळवले. मग आणखी कोणता पुरावा हवा?

या खेळाडूंना शस्त्रक्रिया आवश्यक नव्हती असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु त्यांच्या पुढच्या यशावरून शस्त्रक्रियेबद्दल काही सिद्ध होत नाही. ज्यांचा खांदा शस्त्रक्रियेनंतर सावरला नाही त्यांची नावे आपल्याला माहीत नसतात, कारण ते खेळातून बाहेर पडतात आणि क्रीडापानावरूनही. परतलेल्यांचीच शिरगणती करून काढलेला निष्कर्ष नेहमी आशादायक निघणार.

शाळेच्या मैदानावर

शिक्षकांच्या हाती शस्त्र नसते, पण त्याआधीची पुष्कळ वर्षे असतात. अमेरिकेत ग्लेन फ्लाइसिग आणि सहकाऱ्यांनी ९ ते १४ वयाच्या ४८१ बेसबॉल गोलंदाजांचा दहा वर्षे मागोवा घेतला. त्यांपैकी ५ टक्के मुलांना खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली, अथवा दुखापतीमुळे खेळ सोडावा लागला. वर्षात शंभर डावांपेक्षा अधिक गोलंदाजी करणाऱ्यांत ही शक्यता साडेतीन पट होती. निबंध २०११ चा आहे. इतक्या थोड्या घटनांवरून काढलेला ‘साडेतीन’ हा आकडा बराच ढिला आहे, पण दिशा विसंगत नाही.

नॉर्वेत २०१७ मध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी हँडबॉलच्या ४५ संघांतील ६६० खेळाडूंवर प्रयोग केला. चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्या संघांनी सरावापूर्वी दहा मिनिटांचे खांद्याचे व्यायाम, आठवड्यातून तीन वेळा, पूर्ण हंगामभर केले. त्यांच्यात खांद्याच्या तक्रारींचे सरासरी प्रमाण १७ टक्के राहिले. इतर संघांत ते २३ टक्के होते. फरक डोळे दिपवणारा नाही. खेळाडूंना आपण व्यायाम करतो हे माहीत होते, ही उणीवही आहे. पण या उपायाला भूल लागत नाही, चीर लागत नाही आणि खर्च जवळपास शून्य.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. गोलंदाजी किंवा फेक करणाऱ्या मुलाने आठवड्यात किती चेंडू टाकले याची वही ठेवावी. हाच मुलगा शाळेच्या संघात, क्लबात आणि सुट्टीच्या शिबिरातही खेळत असतो, आणि तिन्हींची बेरीज बहुधा कोणीच करत नाही. दमलेल्या हाताने फेकू देऊ नये. खांदा निखळला, हात उचलता येईनासा झाला, बधिरपणा आला किंवा रात्री दुखून झोप मोडू लागली तर विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवावे. आणि शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर पालकांना तीन प्रश्न विचारायला सांगावे : न केल्यास काय होईल? या वयाच्या, या खेळाच्या खेळाडूंत ही शस्त्रक्रिया लटक्या शस्त्रक्रियेशी किंवा व्यायामाशी ताडून पाहिली आहे काय? आणि ‘यश’ म्हणजे आपण काय मोजणार आहोत? चांगल्या शस्त्रवैद्याला हे प्रश्न आवडतात. ज्याला ते आवडत नाहीत त्याच्याकडून दुसरे मत घेण्यापूर्वी खांदा त्याच्या स्वाधीन करू नये.